बी.ए.च्या मुलांना मराठी विकिपीडियावर लिहायला दिलंय. गुण कसे द्यावेत?

कोयनाकाठ

नमस्कार. मी पाटण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. दुसऱ्या वर्षाला यंदा कोशलेखन हा कौशल्याचा विषय आहे आणि अंतर्गत वीस गुण प्रत्यक्ष कामाला आहेत. प्रत्येकाने मराठी विकिपीडियावर एक नवीन लेख तयार करायचा, असं काम दिलं. चाळीसेक मुलं आहेत. लॅपटॉप दोघा-तिघांकडे, बाकी सगळे मोबाइलवर.

आता सत्र अर्धं झालंय आणि निम्म्याहून जास्त लेख एकतर काढले गेलेत, नाहीतर त्यांच्यावर 'पानकाढा'चा साचा, म्हणजे पान काढून टाकायची सूचना, लागलाय. काही मुलांनी मराठी विश्वकोशातली नोंद उचलून तशीच चिकटवली. काहींनी खरोखर स्वतः लिहिलं, पण संदर्भ एकही नाही. विषय तर बघा: आमच्या गावची शाळा, आमचा कबड्डी संघ, एकाने चक्क आपल्या मामांवर लिहिलंय, ते माजी उपसरपंच आहेत.

या सगळ्यात एका मुलीचं लेखन मला मनापासून आवडलं. तिच्या आजीचं माहेर कोयनेच्या जलाशयात गेलं. आजी सांगेल तसं तिने लिहिलं: वाडीत घरं कशी होती, नदी ओलांडायचा उतार कुठे होता, गाव सोडताना देव कसे हलवले. त्या लेखावरही 'संदर्भ हवा' असं आलं. तिने मला विचारलं, "सर, आजी हा संदर्भ नाही का?" मी तिला म्हटलं, विचारून सांगतो.

तर विचारतो. चिकटवणाऱ्यांना सरसकट शून्य द्यावं का? ज्यांचा लेख टिकला त्यांनाच पूर्ण गुण, हे न्याय्य आहे का? आणि उरलेल्या सत्रात काय करून घेता येईल?

रात्रपाळी

सर, मी मराठी विकिपीडियावर संपादक आहे आणि दिवसाचं काम आटोपलं की 'अलीकडील बदल', म्हणजे कुणी नुकतं काय लिहिलं त्याची यादी, बघत बसतो. गस्त म्हणा. म्हणून आधी आमच्या बाजूचं सांगतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. आजही तो रोज नेमाने सांभाळणारी माणसं मोजकीच आहेत आणि सगळी आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून हे करतात. जानेवारीतला भाषा संवर्धन पंधरवडा किंवा २७ फेब्रुवारी आला की एकाच दुपारी एकाच कॉलेजातून ढीगभर नवीन पानं येतात. कुणाची, कशासाठी, काही कळत नाही. नियमात न बसणारं पान दिसलं की साचा लावावा लागतो. समोर वीस गुणांसाठी धडपडणारा मुलगा आहे, हे आम्हाला दिसत नाही.

म्हणून पहिली विनंती: 'चावडी'वर, म्हणजे संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, दोन ओळी टाका. कुठला वर्ग, कोणती सदस्यनावं, काम कधीपर्यंत. एवढं माहीत असलं तर आमच्यापैकी कुणीही साचा लावण्याआधी त्या मुलाच्या चर्चा पानावर लिहील. मी तरी नक्की लिहीन.

दुसरं, पुढच्या वर्षी लक्षात ठेवायचं. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवीन खाती उघडतात. प्रयोगशाळेत सगळी मुलं एकदम बसवली तर सातव्याला नकार मिळतो. मग एका खात्यावर पाचजण, असा मार्ग काढला जातो आणि तेही नियमात बसत नाही. एका माणसाचं एकच खातं. खाती मुलांनी आपापल्या मोबाइल डेटावर घरूनच उघडून यावं.

तिसरं, मुलांना 'धूळपाटी'त, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर, लिहू द्या. तिथे मोडकंतोडकं असलं तरी कुणी घाई करत नाही. मात्र उचललेला मजकूर धूळपाटीतही चालत नाही.

चिकटवण्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत असाच उपक्रम घेतला होता, इंग्रजी विकिपीडियासाठी. मुलं पुष्कळ होती, पण शिकवायला जुनेजाणते संपादक पुरेसे नव्हते. इकडूनतिकडून उचललेला मजकूर इतका साचला की तिथल्या स्वयंसेवकांना तो निस्तरता येईना. शेवटी त्याच वर्षी काम थांबवावं लागलं. मुलं वाईट नव्हती. काम देताना 'आणा आणि टाका' एवढंच त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं.

संदर्भविभाग

सर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे हे काम मराठी विभाग आणि ग्रंथालय मिळून घेतात. माझं म्हणणं एकच आहे: काम पडद्यावर सुरू करू नका, कपाटापाशी सुरू करा. ज्या मुलाच्या हातात पुस्तक आणि पान क्रमांक आहे, त्याचं लेखन टिकतं. हातात काही नसेल तर तो गूगलवर शोधतो, जे पहिलं दिसेल ते उचलतो, आणि त्याच्यापुढे दुसरा मार्गही नसतो.

नवीन लेखाची अट आधी काढून टाका. नवीन लेखासाठी विषय उल्लेखनीय आहे हे सिद्ध करावं लागतं, म्हणजे त्या विषयावर इतरांनी, स्वतंत्रपणे, थोडं विस्ताराने छापलेलं असावं लागतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला असा विषय कुठून सापडणार? त्यापेक्षा असलेल्या लेखात एक परिच्छेद घालायला सांगा. मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या गावांची हजारो पानं आहेत. त्यातली कितीतरी अशी की गावाचं नाव बदललं तर मजकूर तोच: अमुक तालुक्यातलं एक गाव, उन्हाळ्यात उष्ण, पावसाळ्यात पाऊस. तुमच्या चाळीस मुलांची गावं त्यात सापडतील. प्रत्येकाला आपलंच गाव द्या.

आता साधनं. पहिलं म्हणजे २०११च्या जनगणनेची सातारा जिल्ह्याची पुस्तिका. ती जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. प्रत्येक गावाचं क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, घरं, लोकसंख्या, शाळा कुठवर, पाणी कशाचं, एसटी येते का, सगळं कोष्टकात आहे. मुलांना कोष्टक वाचायला बसवा. आपल्या गावाची ओळ सापडली की त्यांच्या तोंडावर जे दिसतं, त्यासाठी मी हे काम दरवर्षी मागून घेते.

दुसरं, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड, १८८५चा. राज्याच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड इंटरनेटवर ठेवले आहेत. इंग्रजी आहे, पण शेवटी गावांची स्वतंत्र नोंद असते आणि ती वाचायला फार जड नाही. कराड तालुक्यातलं तारळी नदीवरचं पाल घ्या. खंडोबाचं देऊळ, पौषातली जत्रा, सगळं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी छापलेलं आहे. पालच्या मुलाला जत्रा पाठ असते, फक्त ती कुणीतरी नोंदवून ठेवली आहे हे त्याला माहीत नसतं. एक सांभाळायचं: गोऱ्या अधिकाऱ्यांनी जातींबद्दल आणि लोकांच्या स्वभावाबद्दल जे लिहिलंय ते तथ्य म्हणून उचलू देऊ नका. नदी, देऊळ, बाजार, अंतर यापुरताच तो ग्रंथ वापरायचा.

चिकटवण्याकडे येते. सर, शून्य देऊ नका. बालवाडीपासून आपण त्यांना सांगत आलो की पुस्तकातल्या शब्दांत उत्तर लिहिलं की पूर्ण गुण. गाइडमधलं जसंच्या तसं उतरवणाऱ्याची वही वर्गात दाखवली. आणि एके दिवशी अचानक तेच करण्याला चोरी म्हणायचं? आधी शिकवावं लागेल.

मी शिकवते ते असं. विश्वकोशातली एक नोंद वाचायची. पुस्तक मिटायचं. त्यातल्या चार-पाच गोष्टी चिठ्ठीवर तुटक लिहायच्या, पूर्ण वाक्य एकही नको. चिठ्ठी माझ्याकडे ठेवून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी फक्त चिठ्ठी समोर ठेवून परिच्छेद लिहायचा. त्याच विषयाचं दुसरं साधन मग उघडायचं आणि दोन्हींत काय जुळत नाही ते शोधायचं. तुमच्याच भागातलं उदाहरण, ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप. मृतांचा आकडा वेगवेगळ्या साधनांत वेगवेगळा आहे. मुलं विचारतात, मॅडम, खरा कुठला? तेव्हा सांगायचं की दोन्ही लिहा, कोण काय म्हणतं ते नावानिशी लिहा. दोन पुस्तकांचं एकमेकांशी जुळत नाही हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की छापलेल्या शब्दाचं भय जातं, आणि मग मुलं आपल्या शब्दांत लिहू लागतात.

कायद्याचं थोडक्यात सांगा, पण कारणासकट. विकिपीडियावरचा मजकूर कुणीही घेऊ शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. विश्वकोशाने तशी मोकळीक दिलेली नाही, म्हणून तिथला मजकूर उचलता येत नाही. मात्र त्यातली माहिती वाचून, आपल्या शब्दांत लिहून, खंड आणि पान संदर्भात देता येतं. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची गोष्ट वेगळी. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे त्यांचं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. तरीही त्यातली लोकसंख्या शंभर वर्षांपूर्वीची आहे, ती आजची म्हणून लिहायची नाही. विश्वकोशाचं घर तुमच्याच जिल्ह्यात, वाईला आहे आणि तुमच्या मुलांनी ते पाहिलेलं नसेल, तर एकदा सहल काढा. वीस खंड घडवायला किती माणसांनी किती वर्षं घातली हे ऐकलं की ते दोन सेकंदांत उचलायला हात धजत नाही.

आता त्या मुलीचं. तिला सांगा, आजीवर कुणी अविश्वास दाखवलेला नाही. लेख वाचणाऱ्याला पडताळा घ्यायचा असेल तर त्याला आजीपर्यंत जाता येत नाही, एवढीच अडचण आहे. आजी जे सांगते त्यातला काही भाग कागदावर नक्की आहे. १९४९ ते १९६० या काळात आजचा सातारा 'उत्तर सातारा' होता आणि आमचा सांगली 'दक्षिण सातारा'. १९५१च्या जनगणनेची उत्तर साताऱ्याची पुस्तिका मिळवा. धरणाआधीची ती नोंद आहे, पाण्याखाली गेलेली गावं त्यात नावानिशी सापडतील. तुमच्याकडे नसेल तर पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जनगणनेचे जुने खंड आहेत. शोधताना 'सातारा' एवढंच बघू नका, नाहीतर हाताशी असूनही सापडणार नाही.

म्हणजे गाव होतं, इतकी घरं होती, इतकी माणसं होती, एवढं विकिपीडियावर जाईल. नदीचा उतार आणि देव हलवल्याची हकिकत तिथे जाणार नाही, पण ती वाया घालवायची नाही. आजीचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, तारीख घाला, आजीची परवानगी घ्या, उतरवून काढा आणि एक प्रत ग्रंथालयात ठेवा. जिल्ह्याच्या एखाद्या दैनिकाच्या पुरवणीला पाठवा. उद्या कोयनेच्या विस्थापितांवर कुणी संशोधन करेल तेव्हा त्याला ती प्रत लागेल. सातारा, सांगली, सोलापूर, पार ठाण्या-रायगडपर्यंत ही माणसं पांगली. त्या पिढीतल्या आज्या आता थोड्याच उरल्यात. मला विचाराल तर वीस गुणांच्या कामातून तुमच्या हाती आलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

गुणांचं आम्ही असं करतो. आठ गुण संदर्भाच्या शोधाला: कुठलं साधन, कुठलं पान, काय सापडलं, काय सापडलं नाही. सहा गुण धूळपाटीतल्या स्वतःच्या शब्दांतल्या मसुद्याला. चार गुण चर्चा पानावर कुणी काही विचारलं तर दिलेल्या उत्तराला. कुणी विचारलं नाही तर मी विचारते. लेखात प्रत्यक्ष गेलेल्या मजकुराला उरलेले दोन. लेख टिकला की नाही याला गुणच नाहीत, कारण ते मुलाच्या हातात नसतं. तपासायला सोपं आहे: पानाच्या 'इतिहासा'त प्रत्येक बदल तारीख-वेळेसकट असतो, मुलाने आपल्या बदलाचा दुवा पाठवायचा. शेवटच्या रात्री एकदम दोन हजार अक्षरं आली असतील तर तेही तिथेच दिसतं.

माणदेशी_पोर

मी विद्यार्थिनी होते तेव्हा आमच्या सरांनी हे काम दिलेलं, म्हणून लिहिते. माझं गाव माण तालुक्यात. गावाच्या पानावर हवामानाचं जे लिहिलेलं, तेच शेजारच्या तीन गावांच्या पानांवर होतं. मला राग आला. आमच्याकडे पाऊस किती कमी पडतो ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे.

मी जनगणनेच्या पुस्तिकेतून पाण्याचं आणि शाळेचं लिहिलं, खाली संदर्भ दिला. काही दिवसांनी कुणीतरी माझं एक वाक्य बदललं. मी 'गाव निसर्गरम्य आहे' असं लिहिलेलं, ते काढलं. तेव्हा वाईट वाटलं, पण बाकी सगळं तसंच आहे, आजही. मी अधूनमधून बघते.

दोन गोष्टी सांगा मुलांना. मुलींनी सदस्य पानावर फोन नंबर, पत्ता, फोटो काही टाकू नये. आमच्या वर्गात बऱ्याच जणींनी ओळख करून द्यायची म्हणून नंबर टाकलेले, मग सरांनी काढायला लावले. आणि फोटो घालायचे तर स्वतः काढलेलेच घाला. देवळाचे, वेशीचे, ओढ्याचे. चौकातल्या पुतळ्याचा चालतो. फ्लेक्सवरच्या फोटोचा फोटो चालत नाही, कारण तो मुळात दुसऱ्याने काढलेला असतो.

मोबाइलवर संदर्भ घालायला त्रास होतो, खोटं नाही बोलत. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, अगदी तळाशी 'डेस्कटॉप' असतं ते दाबायचं, आणि फोन आडवा धरायचा. जमतं.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. चावडीवर सूचना टाकली आहे, 'रात्रपाळी' यांनी लगेच उत्तरही दिलं. नवीन लेखाची अट काढली आणि सोमवारपासून वर्ग ग्रंथालयात भरवतोय. ज्यांनी चिकटवलं त्यांना तोच विषय चिठ्ठीच्या पद्धतीने पुन्हा लिहायला सांगितलाय. मामांवर लिहिणाऱ्या मुलाने स्वतःहून गावाचं पान घेतलंय. गुणांची विभागणी मॅडमचीच ठेवतो, विभागप्रमुखांनी मान्यता दिली.

त्या मुलीशी बोललो. आजीला ध्वनिमुद्रण चालणार आहे, फक्त "मामी असताना या, तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं" असा निरोप आहे.

एक अडचण उरली. तिने आधीचा मजकूर पाटणच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला होता, पैसे देऊन. तो श्रीलिपीत आहे. विकिपीडियावर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आणखीही काही मुलांचं असंच झालंय. पुन्हा टाइप करण्याशिवाय काही उपाय?

संदर्भविभाग

सर, श्रीलिपी, कृतिदेव हे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फाँट काढला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. विकिपीडियाला युनिकोड लागतं. रूपांतर करून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. आपल्या फाइलचा फाँट नेमका कोणता ते डीटीपीवाल्याला विचारून घ्या, कारण श्रीलिपीतही प्रकार आहेत आणि चुकीचा निवडला तर मजकूर आणखी बिघडतो.

रूपांतरानंतर डोळ्यांनी वाचावंच लागतं. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, ऱ्ह आणि ऱ्य मोडतात, पहिली वेलांटी कधी भलत्या अक्षराला चिकटते, आकडे इंग्रजी होऊन येतात. दोन-तीन पानांचा मजकूर असेल तर मी मुलांना फोनवरच नव्याने टाइप करायला सांगते. फोनच्या मराठी कीबोर्डवर बोलूनही लिहिता येतं, आणि नव्याने लिहिताना वाक्यं आपोआप सुधारतात.

पण त्या मुलीची श्रीलिपीतली फाइल जशी आहे तशी जपून ठेवायला सांगा, आणि एक छापील प्रत काढून त्यावर तारीख घाला. आणि मामी असतील त्या दिवशी ध्वनिमुद्रण करायला जाताना १९५१च्या पुस्तिकेतल्या त्या पानाची झेरॉक्स मिळाली असेल तर सोबत न्या. शेजारच्या वाड्यांची नावं एकेक करून वाचून दाखवा. नाव ऐकलं की त्या गावचं काय काय आठवतं ते आपोआप पुढे येतं, प्रश्न विचारायची फारशी गरज पडत नाही. पुस्तिका मिळाली नाही तर मला कळवा, मी गाडगीळ ग्रंथालयात विचारून बघते.